बिनवासाचा उजेड

४ फेब्रुवारी

संयोगिताला सांगून टाकलं, ट्रंकेतली पांढरी चादर ने, पुसायला लाव. तिच्या आजीनं, झुंबरनं, चाळीस वर्षांत घडी मोडली न्हाय तिची. इचलकरंजीत कापडाच्या प्रोसेसला लागलो, तेव्हा पहिल्या लॉटातली. माझ्या हातनं पांढरी केलेली. सुट्टीला उचगावला घरी घेऊन आलतो. झुंबरनं नाकाला लावली — "वास मारतोय." गेली ट्रंकेत. ती जाऊन तीन वर्षं झाली, अजून सलतंय. बास.

नात म्हणाली, "राहू दे की आजोबा, कशाला घाई?"

९ फेब्रुवारी

युनिव्हर्सिटीत काय करतीस, विचारलं. "नॉन-अ‍ॅरोमॅटिक रेणू बनवालोय. पाण्यात चमकणारं."

अ‍ॅरोमॅटिक म्हंजे वासाचं, अत्तराच्या बाटलीवर वाचलंय. म्हटलं, बिनवासाचं करतीस, शाबास. आमच्या वेळी पायजे होतं. पोट धरून हसली. वासाचा संबंध न्हाय म्हणे. सहा कोपऱ्यांचं कडं असतंय, चमकणाऱ्या मालात बहुतेक असतंयच. हिला ते कडं नकोय. मग नाव वासाचं कशाला ठेवलंय? उगं घोळ.

अडचण एवढीच — स्पिरिटात चमकतंय, पाण्यात घातलं की विझतंय.

१७ फेब्रुवारी

फोन आलता. परत विझलं. जेवली न्हाय वाटतं.

२ मार्च

चमकलं! पाण्यात!

भरदुपारी बाटली घेऊन आली. जांभळ्या उजेडाची बॅटरी आणलीती. दोघं घोंगड्याखाली बसलो. पाणी हिरवंगार. म्हणाली, "आधी तो रेणू वळवळायचा. उजेड पडायच्या आधीच जोर संपायचा. आता हात बांधलं त्याचं."

तेवढ्यात माझ्या मांडीवर बघून — "आजोबा, धोतर!" नवं धोतर निळं पेटल्यागत. कापड पांढरं करायची पावडर असती, तीच चमकती म्हणे. "तुमचं कड्याचं, माझं बिनकड्याचं."

म्हंजे तीस वर्षं मी हौदात उजेड कालवत होतो की! भोंगा, ती वाफ, नाकात बसलेला वास. आणि माल वर काढला की हौदावरच्या जोडीदाराची, हंबीररावची आरोळी — "पावणं, कापड हाय का चांदणं?" कुठं असंल तो आता.

३ मार्च

बॅटरी विसरून गेली पोरगी. म्हटलं चादर बघू. घडी न मोडलेली, धोतरापेक्षा जास्त पेटाय पायजे.

घोंगड्याखाली धरली. काळी. नुसती काळी. काठाच्या दुमडीत मात्र शिवणीला लागून निळी रेघ, दोऱ्याएवढी.

धुवून धुवून आणि उन्हात वाळवून ती पावडर उडती. गिऱ्हाइकाला मीच सांगायचो. दुमडीत ऊन पोचत न्हाय.

४ मार्च

मी घरी असताना ती चादर कधी दिसली न्हाय. म्हंजे झुंबर मी नसताना अंथरायची.