शेवटच्या रिळानंतरचं गाणं

नंदुरबार,
१५ फेब्रुवारी १९६५

प्रिय ईश्वरी,

तुझं पत्र मिळून बरेच दिवस झाले. टॉकीज चुनीलाल शेठना कापसाच्या गोदामासाठी देऊन टाकावी आणि मी उल्हासनगरला तुमच्याकडे राहायला यावं, असं तू लिहिलंस. तुझे बाबा गेल्यापासून तुला माझी काळजी लागून राहिली आहे, ते मला समजतं. उत्तराला उशीर झाला, कारण एक तर विचार करायचा होता, आणि दुसरं म्हणजे मी मराठी लिहिते ती फार हळू. आपली सिंधी अक्षरं तू कधी शिकली नाहीस. तुझी अक्षरं मात्र मी शिकले, थोडी तुझ्या पाठीमागे बसून आणि बाकीची टॉकीजच्या दारावरच्या पाट्या बघून. आधी नटाचा चेहरा ओळखायचा, मग खाली त्याचं नाव काय लिहिलंय ते जुळवायचं. आता वाचनालयातून कादंबऱ्या आणते. चष्मा लागला आहे, तेवढं सोडलं तर तब्येत बरी आहे.

फाळणीत शिकारपूर सोडलं तेव्हा तू कडेवर होतीस, त्यामुळे तुला काही आठवत नसणार. कल्याणच्या निर्वासितांच्या छावणीतून बाबा निघायचे आणि गाडीत बिस्किटं विकायचे. विकत विकत एकदा इथवर आले. बाजारासाठी खेड्यापाड्यातून आलेली माणसं संध्याकाळी स्टेशनाबाहेर नुसती बसून असतात, हे त्यांनी पाहिलं. पुढच्या वर्षी सिनेमाचं एक जुनं मशीन आणि फाटका तंबू घेऊन ते आले, मागोमाग आपण दोघी. तंबूची पत्र्याची टॉकीज झाली ती तू शाळेत जायला लागल्यावर. पाटीवर खेळाची वेळ लिहिलेली असायची, पण खांडबाऱ्याकडची पॅसेंजर आल्याशिवाय बाबा मशीन सुरू करू द्यायचे नाहीत. पुढच्या बाकावरची पोरं शिट्ट्या मारायची. मग बाबा पडद्यापुढे उभे राहून हात जोडायचे आणि आपल्या त्या सिंधी वळणाच्या अहिराणीत म्हणायचे, "थांब ना भो, पाव्हना येवाना शे अजून." लोक त्यांच्या बोलण्यालाच इतके हसायचे की गाडी कधी आली ते कळायचं नाही.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही असं वाटतं. तंबूच्या दिवसांत एक चित्र आलं, त्यात नायक शेवटी मरतो. खेळ सुटला, पुरुष निघाले, पण बायकांसाठी बांधलेल्या कनातीपलीकडच्या बाया काही उठेनात. त्यांत कोरीट गावच्या तापीबाई होत्या, तेव्हा त्यांची आणि माझी ओळखही नव्हती. गुजरांच्या घरची ती बाई, डोक्यावरचा पदर ढळू न देता आतून मोठ्यानं म्हणाली, "मरेल मानूस देखीसन घर कसं जावानं, भाऊ? आमले असं नको धाडू. एखादं गानं लाव." बाबांना आधी काही उमगेना. मग मी तिच्याशी बोलले तेव्हा कळलं. मयतीहून आलेला माणूस कडुनिंबाचा पाला चावल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. तंबूच्या दारात कडुनिंब कुठून आणायचा? बाबा हसले, आणि करणसिंगला मधल्या गाण्याचं रीळ पुन्हा चढवायला सांगितलं. मशीन तेव्हाही तोच चालवायचा. पडद्यावर नायक बागेत गात होता, आणि बाया लेकरं उचलून, पदर सावरून, हसत गाड्यांकडे निघाल्या.

तेव्हापासून आपल्याकडे ती रीतच पडली. भुसावळहून चित्रांच्या पेट्या पाठवणाऱ्या माणसानं एकदा बाबांना टोमणा मारला, "काय टेकचंद शेठ, मेलेला हिरो कधी गातो का?" बाबा म्हणाले, "तुमच्या भुसावळला गात नसेल. नंदुरबारला गातो." मला स्वतःला ती रीत फारशी पटायची नाही. मेला तो मेला, असं मला वाटायचं. खोटं कशाला सांगायचं?

चैत्रात बाबा गेले आणि मी दाराला कुलूप घातलं, ते तू पाहिलंसच. दिवाळी झाली, कापूस विकला गेला, आणि एका बाजाराच्या दिवशी कोरीटच्या बैलगाड्या थेट टॉकीजच्या अंगणात येऊन थांबल्या. तापीबाई घरात आल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "टेकचंदभाऊ गया, टाकीस कोठे गयी? उघड ना बाई." मी म्हटलं, परवाना त्यांच्या नावावर होता, तो त्यांच्याबरोबर संपला. त्या म्हणाल्या, "मंग तुन्हा नाववर कर." करणसिंगला घेऊन मी धुळ्याच्या कचेरीत खेटे घातले. बाई चालवणार का, असं तिथं ज्यानं त्यानं विचारलं. ज्याला त्याला मी हो म्हटलं.

पहिल्या खेळाला पेटीतून नेमकं रडवणारं चित्र निघालं. इतकी वर्षं मी बायकांची तिकिटं फाडायची आणि स्वयंपाकाला घरी यायची, खेळ सुटताना परत जायची. त्या दिवशी पहिल्यांदा तापीबाईंच्या शेजारी बसून चित्र सुरुवातीपासून पाहिलं. शेवटी तो मेला. चैत्रात तुझ्यासमोर मी रडले नव्हते, ते सगळं तिथं आलं. दिवे लागले. करणसिंग खाली येऊन कनातीजवळ उभा राहिला. एरवी तो विचारत नाही, त्या दिवशी त्यानं विचारलं, "बाई, गाणं लावू ना?" मी डोळे पुसत होते. तापीबाईच म्हणाल्या, "लाव रे बाबा. ह्या बाईले बी घर जावानं शे."

गाणं संपेपर्यंत मी बसले. मग घरी आले आणि भाकरी टाकली.

आता हे सगळं आज का लिहिते आहे ते सांगते. चुनीलाल शेठना मी तोंडावर नाही म्हणून आले. त्यांना राग आला, येऊ दे. पण येत्या शुक्रवारी जावईबापू व्यवहार पक्का करायला येणार, असं तू लिहिलंस. तो आला की मी त्याच्यासमोर ताट मांडणार, पंख्यानं वारा घालणार. आपल्यात दारी आलेल्या जावयाला सासू नाही म्हणत नाही, आणि मलाही ते जमणार नाही. तो कागद पुढे करील आणि मी सही करून बसेन. म्हणून माझं नाही तू त्याला सांग, तो गाडीत बसायच्या आधी. पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात तू लिहिलं आहेस, "अम्मा, तुला काय वाटतं?" शिकारपूर सोडताना हे मला कुणी विचारलं नव्हतं. तू विचारलंस. मला इथून जायचं नाही, ईश्वरी.

तुझीच,
अम्मा