भोंग्याने उठलेली राजकन्या

सोमवार, ३ नोव्हेंबर

भोंगा. पहाटे अर्धवट झोपेत ऐकला. लांबून निघालेला, पत्र्यांवरून घरंगळत येऊन थेट पोटात शिरणारा. उठून बसलो तेव्हा ध्यानात आलं, सोलापूरची गिरणी बंद पडून जन्म लोटला. कान मात्र अजून पाळीवर जातात.

लहानपणी मी दोन्ही हातांचा कर्णा करून हुबेहूब भोंगा काढायचो. गल्लीतल्या बायका फसून चुली पेटवायच्या. मग आईचं, आमच्या अव्वाचं, लाटणं आणि माझी पाठ.

चहा घेतोय तोवर बार्शीहून सुनीताचा फोन. आक्काची सून. "मामा, आई आजपण उठल्या न्हाईत की." भाऊजी गेल्यापासून आक्का पलंगावर. भिंतीकडे तोंड. डॉक्टर म्हणतात, शरीराला काही झालेलं नाही, पण अशाच पडून राहिल्या तर पाय आखडतील. मग उठावंसं वाटलं तरी उठता यायचं नाही.

काय करावं सुचेना. शाळेतल्या कविता चालीवर म्हणत गॅलरीत फेऱ्या मारल्या. दुसरं येतं काय मला?

बुधवार, ५ नोव्हें.

मधूला फोनवर सहज म्हटलं, भोंगा ऐकला की तो चित्रांचा सिनेमा आठवतो. झोपलेल्या राजकन्येचा. आक्काने मला चोरून नेलं होतं. अप्पांना सिनेमा चालत नसे. सगळं इंग्रजीत. आक्का अंधारात कानाशी मराठीतून सांगत होती. तिला तरी कुठलं इंग्रजी! चित्रं बघून रचत होती.

मधूने पुण्यात बसून माझ्या टीव्हीवर लावून दिला. "बाबा, आता फक्त मधलं बटण दाबा." तिसऱ्यांदा मधलं सापडलं.

रंग तेच. रान तेच, हिरवं नाही, निळसर. चरख्याची चाती बोटाला टोचणार म्हणून राजा राज्यातले सगळे चरखे चौकात जाळतो, तिथे अप्पा आठवले. जन्मभर गिरणीत सूत काढलेला माणूस. आक्का ही गोष्ट शाळेत ऐकली असं भासवून घरी सांगायची. अप्पा विचारायचे, "चरखे जाळले, मग त्या गावानं नेसलं काय?" आक्का पटकन, "सोलापूरहून चादरी मागवल्या."

शेवटी राजपुत्र येतो. वाकतो. ती डोळे उघडते.

भोंगा नाही.

मागे घेऊन पुन्हा बघितलं. नाहीच. इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो, राजकन्या भोंग्याने उठते, मागोमाग आचारी, शिपाई, घोडे, सगळा राजवाडा पाळीला निघतो. माझ्या डोळ्यांपुढे आहे तो देखावा!

मधू हसून बेजार. "बाबा, मी वर्गात तश्शीच सांगितली होती. बाई म्हणाल्या, बस खाली."

रात्री एकच मनात. उठायचं का, असं त्या पोरीला कुणी विचारलंच नाही.

शनिवार, ८ नोव्हें.

बार्शी. सकाळची एसटी. सोबत शेंगाचटणी, कडक भाकरी आणि मधूने दिलेला टॅब.

आक्का केवढीशी झालीये. पाठ करून पडलेली. मी चौथीतली कविता म्हटली. तिसरं कडवं मुद्दाम चुकवलं. पूर्वी मी घोकायचो आणि भांडी घासता घासता पाठ व्हायची तिला. एक शब्द चुकू द्यायची नाही. आज चुकू दिला.

मग सिनेमा लावला. बघेना. ऐकत असावी, कारण चरखे जळताना पुटपुटली, "चादरी."

मी म्हटलं, "आक्का, यात भोंगा नाही गं. गेला कुठं?"

भिंतीकडे बघतच, "सिनेमात नव्हताच, बाळ्या. बाहेर झाला. अप्पांची पाळी सुटली. तुला काखेत मारलं आन् पळाले घराकडं."

"मग शेवट?"

"मी कुटं बघितलाय शेवट?"

"मग सांगत होतीस तो?"

"तू रडत होतास रस्ताभर. उठली का, उठली का. म्हटलं, उठली, भोंग्यानं उठली. भोंगा झाल्यावर कोण झोपतंय सोलापुरात?"

हसली की काय, पाठीवरून कळलं नाही. मी टॅब तिच्या तोंडासमोर धरला. शेवट जवळच आला होता. हाताने सारला.

"नको. कुणीतरी येतंय आन् उठवतंय, एवढंच असणार की." मग भिंतीलाच, "आता भोंगा बी न्हाई."

निघताना अंगणात उभा राहिलो. हातांचा कर्णा केला. जोर लावला तर वरची कवळी सुटली, नुसती हवा. सुनीता पदर तोंडाला लावून हसली आणि मग डोळे पुसायला लागली.

मंगळवार, ११ नोव्हें.

सु.चा फोन. तसंच. आज एकच घास.

मी उगाच गेलो का? तिला ती गोष्ट मला गप्प करायला रचावी लागली होती. आपण मात्र जन्मभर खरी धरून बसलो. पण खोटी तरी कशी म्हणू? त्या दिवशी भोंगा झाला होता आणि आम्ही दोघं उठलो होतो.

सोमवार, १७ नोव्हें.

दुपारी डोळा लागला होता. दार वाजलं. मला वाटलं कुरियर.

रिक्षावाला. खाकी शर्ट, घामाघूम. "आजोबा, भोंगावाले तुमीच का?"

"कसला भोंगा?" मी दार पुरतं उघडलं.

"बार्शीच्या गाडीतनं आजी आल्यात एक. एकट्याच. कंडक्टरनं हाताला धरून माझ्या रिक्षात बसवलं. आता खाली उतरंनात. म्हणत्यात, त्या दिवशीचा भोंगा लई फुसका होता. नीट वाजवा, मग बघू."

मोबाईल उशीखाली. त्यावर सुनीताचे न घेतलेले फोन ओळीने.

गॅलरीत धावलो. खाली रिक्षा. आतलं दिसत नव्हतं. फक्त एक पाय बाहेर आलेला, जुनी चप्पल, अजून जमिनीला न टेकलेला.

"वाजवा की लवकर," रिक्षावाला मागून म्हणाला, "मागं गाड्या तुंबल्यात."

मी कवळी काढून खिशात टाकली. हातांचा कर्णा केला आणि छाती भरून श्वास घेतला.