काच पुसली

३ मार्च
वेधशाळेत नोकरी लागली. ताईने तिथल्या मॅडमकडे शब्द टाकला म्हणून. काम एवढंच: रोज आठला गच्चीवर जाऊन यंत्राची काचेची टोपी पुसायची, रजिस्टरमध्ये ‘पुसली’ लिहून सही ठोकायची. किती ऊन परत गेलं ते उपग्रह वरून मोजतो, किती पोचलं ते आमचं यंत्र खालून. ताळा जमला की पृथ्वी किती तापतेय ते कळतं, असं मॅडम म्हणाल्या. म्हणजे पृथ्वी माझ्या फडक्यावर आहे. भटकणं बंद!

७ मार्च
गच्चीवरून नदी दिसते. काठावर एकजण होडी रंगवत होता. जरा बघून येतो म्हटलं, दुपार झाली. काच काय, स्वच्छच असणार. सही केली.

१६ मार्च
रोज सही करण्यात फार वेळ जातो. महिनाअखेरपर्यंतच्या एकदम करून टाकल्या. आता फक्त पुसायचं राहिलं.

२४ मार्च
मॅडम म्हणाल्या, उपग्रहाच्या हिशोबाने जास्त ऊन पोचायला हवं, आपलं यंत्र कमी दाखवतंय. बिघाड उपग्रहातच. मी म्हटलं, जुना झाला असेल बिचारा. त्या म्हणाल्या, आपली काच तर तू रोज पुसतोस. मी मान हलवली. जेवण गेलं नाही. उद्या सांगून टाकणार.

२५ मार्च
सांगणार होतो. त्या फोनवर होत्या. मग मी फोनवर होतो. पलीकडे कुणी नव्हतं.

२६ मार्च
उपग्रहवाल्यांना पत्र तयार: तुमचं चुकतंय. उद्या जाणार. सात वर्षांचं नाव पणाला लावतेय, मॅडम म्हणाल्या आणि हसल्या. संध्याकाळी ताईचा फोन. नीट करतोयस ना रे? झकास, म्हटलं. मग गच्चीवर गेलो. काचेवर बोटाने नाव लिहिता आलं, एवढी धूळ.

२७ मार्च, ९.४०
सांगायचं कशाला? पुसूनच टाकली. लख्ख! उपग्रह आपोआप दुरुस्त.

११.१५
मॅडम ग्राफ घेऊन वर आल्या. ९.४०ला रेघेने टुणकन उडी मारलेली. आज पुसलीस वाटतं, एवढंच म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. सगळं कबूल केलं. त्यांनी पत्र फाडलं, ग्राफवरच्या तीन आठवड्यांवर काट मारली. ताईला मी सांगणार नाही, तूच सांग, म्हणाल्या. उद्यापासून खरं तेच लिही. शपथ घेतली.

२८ मार्च, ८.००
पुसली. खरोखर पुसली. मॅडम स्वतः बघायला आल्या होत्या. ऐटीत रजिस्टर उघडलं. आजची सही आधीच केलेली. उद्याचीही.