मामांच्या फोटोला शिंगं फुटली त्याची हकीकत

हिंगोली (जि. परभणी)
ता. ६ जून १९७७

आदरणीय लिंबाजीदादा यांस,

हिंगोलीहून आपल्या धाकट्या बहिणीचा नवरा सोनाजी याचा सविनय जय भीम. आम्ही इकडं सगळे खुशाल आहोत, तिकडची पूर्णेची खुशाली कळवावी. वहिनींचा गुडघा आता कसा आहे? रेल्वेच्या दवाखान्यातल्या गोळ्या लागू पडल्या नसतील तर पंचफुला निरगुडीचा पाला पाठवते म्हणते, पण पोस्टात पाला घेतात की नाही ते मला ठाऊक नाही. (विचारायला गेलो होतो. पोस्टमास्तरांनी चष्म्यावरून असं बघितलं की मी मुकाट्यानं दोन कार्डं घेऊन परत आलो.)

तुमचं पत्र गेल्या महिन्यात मिळालं. आबांचा एक मोठा फोटो काढून पाठवा, क्वार्टरमध्ये दर्शनी भिंतीला लावायचा आहे, तुम्ही फोटोच्याच धंद्यात आहात तेव्हा काम नामी होईल, असं तुम्ही लिहिलंत. दादा, शेवटचं वाक्य मी पाच-सहा वेळा वाचलं आणि पंचफुलेलाही वाचून दाखवलं. फोटो काढला. मोठाही केला. मग तो अजून तुमच्या भिंतीवर काहून आला नाही, हे सांगायला कार्ड पुरलं नसतं म्हणून हे पत्र. शांतपणे, शक्यतो बसून वाचावं.

आबांचा, म्हणजे आमच्या मामांचा (सासऱ्यांना मी पहिल्यापासून मामाच म्हणतो), स्वभाव तुम्हाला काय सांगायचा? वाटेत कुत्रं झोपलेलं असलं तर ते त्याला उठवत नाहीत, स्वतः वळसा घालून जातात. एष्टीत जागा धरतात आणि हिंगोली येईपर्यंत उभे असतात, कारण मधल्या प्रत्येक गावाला कोणीतरी दमलेलं चढतं. जनकाबाईच्या शेळ्या त्यांच्या ज्वारीत शिरल्या की ते जनकाबाईला जाऊन सांगतात, 'शेळ्या आल्यात हो आमच्याकडं,' जसे काही पाहुणे आलेत. आणि तुमचे चुलते कोंडीबाकाका दर वर्षी वखर घालताना दोन शेतांमधला धुरा आठ-नऊ बोटं इकडं सरकवतात, हे साखरा गावातल्या शाळकरी पोरांनाही माहीत आहे. अकरा वर्षांत धुरा सरकत सरकत मामांच्या बाभळीला येऊन टेकला. तुम्ही पूर्णेला गेलात तेव्हा ती बाभळ धुऱ्यापासून चांगली चार हात आत होती. मामी यावरून रोज बोलतात. मामा म्हणतात, 'जाऊ दे, भाऊच हाय.' आणि संध्याकाळी एकटेच बाभळीपाशी जाऊन उभे राहतात. त्यांना काही वाटत नाही असं नाही दादा. त्यांना बोलता येत नाही, एवढंच.

तर असे मामा आमच्या चाँद पाशांच्या स्टुडिओत नवं धोतर नेसून आले. मागं तळं आणि पायऱ्या रंगवलेला पडदा, पुढं खुर्ची. चाँद पाशा म्हणाले, 'किशनराव, जरा मुस्कुराओ.' मामांनी मामीकडं बघून विचारलं, 'हासू का?' एवढ्यात फोटो निघाला. त्यात मामांचे डोळे अर्धे मिटलेले, तोंड अर्धं उघडं, पुढचे दोन दात पडलेले आणि टोपी काढल्यामुळं दोन्ही कानांवर पांढऱ्या केसांचे झुबके. मामी जाताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, 'जावईबापू, तेवढं टचिंग का काय असतं ते करा. लेकाच्या भिंतीवर लागायचाय. बघनाऱ्याला वाटलं पाहिजे, कोन्तरी हाय म्हनून.'

आता खरं सांगतो. स्टुडिओत माझं काम फोटो धुणं, वाळवणं, कापणं आणि पुठ्ठ्यावर चिकटवणं. टचिंग चाँद पाशा स्वतः करतात. मी पंचफुलेला लग्नाआधी सांगितलं होतं की टचिंग मीच करतो. (हे तिला या प्रकरणात कळलं. त्या विषयावर आम्ही आता बोलत नाही.) चाँद पाशा भाचीच्या लग्नाला चार दिवस औंढ्याला गेले आणि जाताना माझ्याकडं बोट करून म्हणाले, 'निगेटिव को हाथ नक्को लगाना.' एष्टी नजरेआड होईपर्यंत मी हात लावला नाही.

दादा, निगेटिव्हवर सगळं उलटं असतं. पांढरं ते काळं दिसतं आणि काळं ते पांढरं. पेन्सिल फिरवली की फोटोत ती जागा उजळते, ब्लेडनं खरवडलं की काळी पडते. मला हे तोंडपाठ होतं. पण तोंडपाठ असणं वेगळं आणि सासऱ्याच्या चेहऱ्यावर पेन्सिल घेऊन बसणं वेगळं. डोळ्यांत थोडी चमक यावी म्हणून मी पेन्सिल लावली, दिसेना म्हणून आणखी लावली. मग दोन दात भरले. निगेटिव्हवर दात केवढे असतात? तिळाएवढे. माझी पेन्सिल ओठाखाली थोडी घसरली. राहिले कानावरचे पांढरे झुबके. ते काळे केले की मामा दहा वर्षांनी तरुण दिसतील, या विचारानं मी ब्लेडनं हळूहळू वर ओढत खरवडले. तेवढ्यात माझ्या डोक्यावर माशी बसली. बाकी काही सांगत नाही, ब्लेड वर गेलं.

तशीच निगेटिव्ह लावून मी मोठा कागद काढला. डार्करूममध्ये लाल दिवा, औषधाच्या तबकात पांढरा कागद, आणि मी उत्साहानं तबक हलवतोय. आधी पडद्यावरच्या पायऱ्या आल्या. नंतर धोतर आलं, चांगलं आलं. मग सगळा चेहरा काळवंडत वर येऊ लागला, पण डोळ्यांच्या जागी दोन पांढरेफटक गोळे राहिले, त्यात बुबुळ म्हणून नाही. मग ओठांखालून हनुवटीपर्यंत दोन सुळे उतरले. शेवटी कानांच्या वर दोन काळी, वाकडी, टोकदार शिंगं उगवली. खाली दोन्ही हात मात्र मामांचेच, मांडीवर अदबीनं ठेवलेले. दादा, मी सासऱ्यांना नमस्कार केला आणि बाहेर आलो.

चाँद पाशा लग्नाहून परतले, फोटो बघितला आणि खाली बसले. मला वाटलं, गेली नोकरी. पण ते हसत होते. इतके हसले की शेजारचे कापडवाले गुलाबचंद दुकान सोडून बघायला आले. 'सोनाजी, ये तेरा ससरा है की जिन है?' असं म्हणायचे, परत फोटोकडं बघायचे आणि परत डोळे पुसायचे. शेवटी म्हणाले, ससऱ्याला परत बसवू, दुसरा काढू, हा पडद्यामागं ठेव. मी ठेवला. प्रकरण तिथं संपलं असतं, पण बाजाराच्या दिवशी मामा आणि मामी भाजीची पिशवी घेऊन थेट स्टुडिओत. मी सांगितलं, फोटो खराब झाला. मामी म्हणाल्या, खराब तर खराब, दाखवा. मी सांगितलं, ओला आहे. चाँद पाशांना तेवढ्यात पुन्हा हसू फुटलं आणि त्यांनी पडद्याकडं पाठ फिरवली. मामी सरळ पडद्यामागं गेल्या. पहिल्यांदा किंचाळी आली, मग मामी आल्या.

मामांनी फोटो हातात घेतला आणि दारातल्या उजेडात नेला. मी पायाशी वाकलो होतो, माफी कशी मागायची याची मनात जुळवाजुळव चालू होती. बाहेरून टांगा गेला, पाठोपाठ दुसरा गेला.

'ह्यो मी हाव?' त्यांनी विचारलं.

'चुकी झाली मामा, निगेटिव्हवर सगळं उलटं...'

'तसं न्हाई. ह्यो मीच हाव नव्हं?'

'व्हय मामा.'

त्यांनी एका शिंगावरून हळूच हात फिरवला, जसा बैलाच्या शिंगावरून फिरवतात. आणि दादा, तुमचे वडील हसले. परवानगी न विचारता हसले. म्हणाले, 'मायला, ह्याचा धुरा कोन सरकवंल?'

दुसरा फोटो काढायला ते काही केल्या खुर्चीवर बसले नाहीत. हाच उपरण्यात गुंडाळून साखऱ्याला घेऊन गेले.

पुढच्या रविवारी पंचफुलेनं मला साखऱ्याला धाडलं, म्हणजे ती स्वतः पुढं आणि मी मागं. बापाचं गावात हसं होण्याआधी तो फोटो परत आणायचा, असा तिचा हुकूम होता. शेतात पोचलो तर फोटो बाभळीला खिळ्यानं ठोकलेला, मामा त्याच्या शेजारी उभे आणि समोरून कोंडीबाकाका वखर घेऊन धुऱ्याला लागलेले. काका जवळ आले, फोटो बघितला आणि त्यांनी बैल थांबवले. मला वाटलं, आता घाबरतील. कसचं काय! काका हसत हसत ढेकळात बसले. 'अरं किशन, ह्यो कोन रं? तुला कोन्या भुतानं धरलं का भुताला तू धरलं?' त्यांचा गडीही हसायला लागला. पंचफुलेनं माझ्या दंडाला असा चिमटा घेतला की वळ अजून आहे. मीही मान खाली घातली.

आणि मग एक आवाज आला. मी आधी इकडंतिकडं बघितलं, कोण बोललं म्हणून. मामा बोलत होते.

'हास, कोंडू. पोट भरून हास. हासून झालं की वखर माघारी घे.'

काकांचं हसू अर्ध्यावर राहिलं. 'कुठं माघारी?'

'हितून चार हात. खुनेचा दगड तूच उपटून हिरीपाशी टाकलास. मी बघितला हुता. अकरा वर्सं बघून राहिलो. तवा बोललो न्हाई, आता बोलून राहिलो.'

आवाज मोठा नव्हता दादा. पण हात मांडीवर नव्हते. एक हात बाभळीवर होता आणि दुसरा विहिरीकडं दाखवत होता. कोंडीबाकाकांनी एकदा फोटोकडं बघितलं, एकदा मामांकडं, आणि खरं सांगतो, त्यांना मामांचीच जास्त भीती वाटली. मग काका उठले, धोतर झटकलं, 'आधी सांगायचं नव्हं का लेका,' असं पुटपुटले आणि विहिरीकडं चालू लागले. दगड दोघा भावांनी मिळून आणला. मामांनी चार हात मोजले, काकांनी खड्डा खणला. मामी दुरून धावत आल्या, काही बोलणार होत्या, पण त्यांनी नुसतं दोघांना पाणी दिलं. परत येताना पंचफुला एष्टीत रडली आणि मला म्हणाली, 'चांगलं टचिंग करता की तुमी.' (आमच्या लग्नाला सहा वर्षं झाली. माझ्या कामाबद्दल तिनं काढलेलं हे पहिलं चांगलं वाक्य.)

पुढची गंमत ऐका. आठ दिवसांनी कोंडीबाकाका गुपचूप स्टुडिओत आले, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, 'माझाबी तसाच काढ. शिंगं किशनपेक्षा जरा लांब.' चाँद पाशांनी काढला, मी टचिंग केलं, आणि यावेळी ते मुद्दाम करायचं असल्यामुळं मला जमेना. काका राक्षसाऐवजी सर्दी झालेल्या बोक्यासारखे दिसतात. तरी खूश आहेत. आता धुऱ्यावर बाभळीला मामा आणि पलीकडच्या लिंबाला काका, असे दोघं समोरासमोर लटकतात. दुपारी खरे दोघं मधल्या दगडावर भाकरी सोडतात. जनकाबाई शेळ्या आता दुसऱ्या वाटेनं नेते.

एवढी हकीकत आहे. वहिनींना आमचा जय भीम, लेकरांना खूप खूप गोड पापे, आणि माझ्या हस्ताक्षराला नावं ठेवू नयेत.

आपला,
सोनाजी

ता.क. : त्याच फोटोची दुसरी प्रत या पत्रासोबत दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून पाठवली आहे. तुम्ही मोठा फोटो मागितला होता, तो हाच. वहिनींना आधी हात आणि धोतर दाखवावं, मग हळूहळू वर जावं.

ता.क. दुसरं : पत्र लिहिण्याचं खरं कारण हे की मामा आता सगळीकडंच बोलून राहिलेत. गेल्या तीन आठवड्यांत ते आमच्याकडं चार वेळा आले. मी किती वाजता उठतो, सायकलला तेल काहून घालत नाही, दुसऱ्या नोकरीचं काहून बघत नाही, हे सगळं त्यांनी त्याच आवाजात विचारलं. पंचफुला कौतुकानं ऐकत बसते. तरी कृपा करून त्यांना महिना-दोन महिने हवापालटाला पूर्णेला बोलवावं. मी सांगितलं असं कुठं येऊ देऊ नये. एवढा उपकार करा.

ता.क. तिसरं : पाकीट चिकटवायच्या आधी मामा आले आणि पंचफुलेनं त्यांना सगळं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. वरचं दुसरं ता.क. सुद्धा. मामा म्हणतात, बोलवायची गरज नाही, ते येत्या शुक्रवारच्या गाडीनं स्वतःच येऊन राहिलेत. मामीही सोबत आहेत. तीन वर्षांत एकदाही गावाकडं न येता लेकानं बापाचा नुसता फोटो काहून मागवला, एवढंच तुम्हाला विचारायचं आहे म्हणतात. तुमच्याकडं शुक्रवारपर्यंत वेळ आहे दादा. मी तुमच्या जागी असतो तर आजच दोन दिवसांची रजा टाकून साखऱ्याला निघालो असतो.