हलक्या पायाची

आबा, आज कौलांवर चढले होते. भावजय अंगणातून ओरडत होती, "उतरा हो वन्सं, पडलात म्हंजे?" पुढचं तिनं गिळलं, आणि मीही ऐकू न आल्यासारखं केलं. भाऊ यंदा कौलं काढून पत्रे टाकतोय. आठ दिवसांनी जी कौलं खाली उतरायची आहेत, त्यांच्यावरचं शेवाळ खरवडायला मी हमरापूरहून खांबला आले, म्हणजे डोकं फिरलंय असंच तिला वाटलं असणार. फणसाकडच्या बाजूला तिसऱ्याच पावलाला एक कौल माझ्या पायाखाली फुटलं.

तुम्ही असतात तर हसला असतात. मी नऊ-दहा वर्षांची असताना तुम्ही मला पहिल्यांदा शिडीवर चढवलंत ते आठवतं. आई स्वयंपाकघराच्या दारातून कडाडतेय, पोरीच्या जातीला कुठं चढवता म्हणून, आणि तुम्ही खालून शिडी धरून सांगताय, "तू हलकी हायस गो, तुझ्या पायानं कौल नाय फुटायचं. वाशाच्या रेषेवर पाय टाक. आणि सुकं असतानाच खरवडायचं, वल्या शेवाळावर पाय ठेवायचा नाय." शेवाळानं कौलांच्या खाचा बुजल्या की पाणी उलटं आत येतं आणि खाली कणगीतला भात भिजतो, हे मला तेव्हाच कळलं. पहिल्या वर्षी मी आईचं उलथनं घेऊन चढले आणि त्याची धार घालवली. आईनं धपाटा घातला. पुढच्या बाजाराला तुम्ही रोह्याहून नवं उलथनं आणलंत आणि माझ्या हातात दिलंत, "ह्ये तुझं. चुलीजवळ नेऊ नको." लग्नात मला बरंच काही मिळालं, पण केवळ माझं म्हणून मिळालेलं ते पहिलंच. लग्नानंतरही दर वैशाखात मी दोन दिवस माहेरी यायचे ते कौलं खरवडायला. गाव हसायचं, पाहुणी आली की छपरावर. मला मात्र त्याचा केवढा तोरा होता!

त्या वर्षी आले नाही. हमरापूरला आमच्या कारखान्यात गणपतीच्या मूर्ती वाळून रांगेनं उभ्या होत्या आणि डोळ्यांची आखणी करणारी मी एकटी. त्या कामात हात हलला की मूर्ती वाया, म्हणून मी कुणालाच जवळ येऊ देत नसे. आज जाते, उद्या जाते करता करता वैशाख संपला, पाऊस लागला. मग तुमचा फोन आला. "कणगीवर टिपूस यायला लागलाय गो. येतेस का?" कान आणि खांद्यात फोन धरून, ब्रश हातात तसाच, मी म्हणाले, "आता तुमीच हलके झालाय आबा, तुमीच चढा." आईच्या माघारी तुम्ही खरंच वाळला होतात. तुम्ही हसलात. "व्हय गो, झालोय खरा."

तिसऱ्या दिवशी उघडीप मिळाली आणि तुम्ही चढलात. भाऊ कंपनीत पहिल्या शिफ्टला होता. शेजाऱ्यांनी तुम्हाला मागच्या पडवीशी निपचित पाहिलं, तेव्हा माझं उलथनं तुमच्या बाजूला पडलं होतं. ओल्यावर पाय ठेवू नये हे मला शिकवणारा माणूस ओल्यावर का चढला, याचं सगळ्यांना नवल. भाऊ अजून म्हणतो, "आबा कुणाचं ऐकायचेच नाहीत." पंधरा वर्षं मी त्यावर मान हलवतेय. मला राग येतो, त्याचा नाही, माझ्या मानेचा. तुम्ही ऐकलंत, आबा. माझंच ऐकलंत.

आज सगळी बाजू खरवडून खाली आले. भावजयीनं चहा दिला, भावानं उलथनं हातात घेऊन विचारलं, "हे भंगारात टाकू?" मी ते पिशवीत घातलं. त्याला फोनचं सांगायचं ठरवूनच आले होते. तो समोर बसला होता, वेळही होती. मी फुटलेल्या कौलाबद्दल बोलले.

म्हणून हे तुम्हाला लिहितेय, आणि घडी करून उलथन्याबरोबर ठेवून देणार आहे. मनाशी मी आजवर म्हणत आले की फोनवरचं ते गमतीत बोलले. ते गमतीत नव्हतं. गणपतीच्या डोळ्याची रेघ तुमच्या फोननं हलली होती, आणि मी चिडून बोलले होते. हसलात ते फक्त तुम्ही.