आईने न मानलेले आभार

फ्रेडरिक्सबर्ग, कोपनहेगन
२ सप्टेंबर २०१२

ती. गुद्रूनताईस,
सा. न. आणि या खेपेला नमस्कारासोबत एक पुस्तकही.

हो, तेच. ‘रोजचे तीन आभार’. शेवटी छापून आलं. गेली चार वर्षं गावोगाव व्याख्यानांत जे सांगत आलो, ते सगळं यात आहे. सकाळी उठल्यावर तीन गोष्टींचे आभार मानायचे, दिवसाला एक उद्देश द्यायचा आणि आपल्या आयुष्याची गोष्ट आपणच सांगायची. चौथं प्रकरण आईवर आहे. लोक तिथं हमखास रडतात. तूही आहेस त्यात, पान एक्केचाळीस बघ.

आता खरी बातमी. २६ ऑक्टोबरला, शुक्रवारी दुपारी चार वाजता, आपल्या नॉरसँडेच्या चर्चच्या सभागृहात माझं व्याख्यान आहे. पाद्रीबाईंचा स्वतःहून फोन आला. चव्वेचाळीस वर्षांनी मी गावात उभा राहून बोलणार! तू पहिल्या रांगेत बस. मी तुझं नाव घेतलं की जरा उभी राहा आणि हात हलव. लोकांना आवडतं.

गुडघ्याची काळजी घे. मोठ्या बहिणीची माया आहे ती तशीच राहू दे.

तुझा,
आस्गेर


नॉरसँडे
९ सप्टेंबर २०१२

चि. आस्गेरास,
अनेक आशीर्वाद. पुस्तक वाचूनही कमी केलेले नाहीत, हे माझे उपकार समज.

एका बैठकीत वाचलं. अक्षर मोठं, मजकूर थोडा आणि मध्ये मध्ये कोरी पानं, वाचणाऱ्याने आपले आभार लिहायला. एका पानावर मी वाणसामानाची यादी लिहिली. तेवढं एक पान उपयोगी पडलं.

तू लिहितोस की बाबा गेले त्या वर्षी आई रोज संध्याकाळी टेबलावर मेणबत्ती लावायची, आपले हात हातात घ्यायची आणि लापशीला हात लावण्याआधी प्रत्येकाला तीन आभार मानायला सांगायची. आस्गेर, त्या टेबलाशी मी बसलेली होते. तू पाच वर्षांचा होतास, मी तेरा. मेणबत्ती नव्हती. मेणबत्त्या म्हणजे रिकाम्या बायकांचे चोचले, असं तिचं मत होतं. हात धरायची म्हणशील तर मनगट धरायची, तेही तू लापशी सांडलीस म्हणून. बाबांची शवपेटी ज्या चौघांनी खांद्यावर आणली, त्यांना तिनं एवढंच सांगितलं की चिखलाचे बूट दाराबाहेर काढा.

आता पान एक्केचाळीस. माझी बहीण, साधी, अबोल बाई, तिला सेवेतच जीवनाचा उद्देश सापडला. अबोल? मी? शेडमध्ये चौतीस वर्षं मासे कापले, तिथल्या बायकांना विचार जाऊन. आणि उद्देश कुठला रे? मला आई सापडली, न्हाणीघराच्या फरशीवर, कमरेचं हाड मोडून पडलेली. पुढची नऊ वर्षं त्यातच गेली. नगरपालिकेनं मदतीला तीन बायका पाठवल्या, एकामागून एक. तिघींनाही तिनं रडवून घालवलं. मला घालवता येईना, कारण मी तिथंच राहत होते.

हात हलवायला मी येणार नाही. गुडघा ठीक आहे. तुझ्या तब्येतीचं कळव, अक्कल सुधारली तर तेही कळव.

लोभ आहे तेवढा पुरे, वाढवायला सध्या जागा नाही.

गुद्रून


फ्रेडरिक्सबर्ग
१७ सप्टेंबर २०१२

ती. ताईस,
मनापासून नमस्कार.

तुझ्या पत्रातला राग मी वाचला, स्वीकारला आणि आज सकाळी त्याचेही आभार मानले.

तू एक गोष्ट लक्षात घेत नाहीस. मी कोर्टात साक्ष देत नाही, गोष्ट सांगतो. मेणबत्ती होती की नव्हती याला महत्त्व नाही, ऐकणाऱ्याच्या मनात ती पेटते याला आहे. ओडेन्सेच्या एका बाईंनी चौथं प्रकरण वाचलं आणि सहा वर्षांनी आपल्या मुलीला फोन केला. तो फोन खोटा का? तुझ्या शेडमधल्या खऱ्या गोष्टींनी कुणाचा असा फोन झाला असेल तर सांग.

मी सगळ्यांना एक उपाय सांगतो, तो तूही कर. एक वही घे. आईविषयीच्या साऱ्या तक्रारी तीत लिही आणि पानं चुलीत घाल. हलकं वाटेल. एकाहत्तराव्या वर्षीसुद्धा माणसाला आपला उद्देश सापडू शकतो.

एक विनंती मात्र आहे. शेवटचा प्रसंग, म्हणजे आई खिडकीतून समुद्राकडे बघते, आभार हा एकच शब्द उच्चारते आणि डोळे मिटते, तो तरी राहू दे. सगळं व्याख्यान त्यावर उभं आहे.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझाच,
आस्गेर


नॉरसँडे
२४ सप्टेंबर २०१२

चि. आस्गेरास,
आशीर्वाद. या वेळी मोजकेच.

वही घेतली नाही. तुलाच लिहिते, म्हणजे जाळायचं काम तुझ्याकडे.

त्या खिडकीतून समुद्र दिसत नाही. मासळीच्या शेडचं पत्र्याचं छप्पर दिसतं आणि त्यावर बसलेले समुद्रपक्षी. तू त्या घरात एकोणीस वर्षं राहिलास, तुला हे आठवायला हवं होतं.

आई शेवटचे तीन आठवडे उतरणीला लागली होती. मी तुला चार वेळा फोन केला. चारही वेळा तू म्हणालास की शाळेत माणसं कमी आहेत, रजा मिळत नाही. चौथ्या फोननंतर तू एक कार्ड पाठवलंस. त्यावर सूर्योदय होता आणि खाली छापलं होतं की प्रत्येक दिवस ही भेट आहे. मी ते तिला दाखवलं नाही. दाखवलं असतं तर ती त्याच दिवशी गेली असती, संतापानं.

शेवटच्या दुपारी मी माशाचं सूप केलं. तिनं दोन चमचे घेतले आणि म्हणाली, वाईट नाही. आपल्या भागात यापेक्षा मोठी पदवी कुणाला मिळत नाही, हे तुलाही ठाऊक आहे. नऊ वर्षांत मला ती एकदा मिळाली. लगेच म्हणाली, पण कोमट आहे. मी ते तापवायला गेले आणि परत आले तेव्हा ती गेलेली होती. कुणी कुणाचा हात धरलेला नव्हता. माझ्या हातात वाडगा होता.

हे माझं आहे, आस्गेर. वाईट का असेना, मी तिथं उभी राहून मिळवलंय. ते पुसून त्यावर तू समुद्र रंगवलास आणि आता मला सांगतोस की लोक रडतात.

तेव्हा मी येणार आहे. पहिल्या रांगेत नाही, तिसऱ्या. मोजा विणत बसेन. तू खिडकीचा आणि समुद्राचा विषय काढलास की मी उभी राहणार. हात हलवणार नाही, बोलणार.

लोभाचं नंतर बघू.

गुद्रून


फ्रेडरिक्सबर्ग
८ ऑक्टोबर २०१२

ताई,

नमस्कार. आज सजवून लिहायला काही सुचत नाही.

शाळेत माणसं कमी नव्हती. मी रजा घेतली होती. दोनदा निघालो. पूल ओलांडून फ्यून बेटापर्यंत आलो, तिथं एका पेट्रोल पंपावर गाडी उभी केली, कॉफी घेतली आणि परत फिरलो. दुसऱ्या खेपेला तर तुला द्यायला केकही घेतला होता. तो मीच खाल्ला, गाडीत बसून.

मी शिक्षक व्हायला निघालो त्या सकाळी आईनं माझे हात उलटे-सुलटे करून पाहिले होते. तू शेडमध्ये गेली होतीस. म्हणाली, असले मऊ हात घेऊन इथं परत येऊ नकोस, इथं त्यांचं काही काम नाही. मला वाटायचं की मरताना ती पुन्हा हातच बघेल. चोपन्न वर्षांचा माणूस, आणि त्या भीतीनं पंपावरून परत फिरतो. याची गोष्ट कुणाला सांगायची? म्हणून ज्या गोष्टीत मी टेबलाशी आहे आणि माझा हात तिच्या हातात आहे, तीच सांगत बसलो. इतक्यांदा सांगितली की आता मेणबत्तीचा वाससुद्धा येतो.

बेनेडिक्टे मार्चमध्ये निघून गेली. तुला कळवलं नव्हतं. बत्तीस वर्षांचा संसार. जाताना म्हणाली की तू सकाळी तीन आभार मानतोस आणि नंतर दिवसभर माझ्याकडे बघत नाहीस. आणि मी त्या दिवशीही संध्याकाळी व्याख्यानाला गेलो.

तू उभी राहा. मी अडवणार नाही.

आस्गेर


फ्रेडरिक्सबर्ग
२९ ऑक्टोबर २०१२

ती. ताईस,
शि. सा. न. अगदी लवून.

तू मागच्या दारानं निघून गेलीस, म्हणून जे झालं ते सगळं लिहितो, तू पाहिलंस तेही आणि नंतरचंही.

मी लापशीपासूनच सुरुवात केली, हे तू ऐकलंस. भित्रेपणा, दुसरं काय. मेणबत्तीपर्यंत आलो आणि तुझ्या सुया थांबल्या. तू अजून उठलीही नव्हतीस. माझ्या तोंडून आपोआप निघालं की हे असं काही झालेलं नाही, हे मी रचलंय, आई गेली तेव्हा माझी बहीण तिथं होती आणि मी नव्हतो. मग माझ्या वर्गातला क्रेस्टेन मागून ओरडला की बरं झालं बाबा सांगितलंस, मला वाटलं कुठल्या दुसऱ्याच कारोलिनेबद्दल चाललंय! आई शाळेची फरशी पुसायची तेव्हा चिखलाच्या बुटांवरून तिनं त्याच्या थोबाडावर ओलं फडकं मारलं होतं, अठ्ठावन्न साली, आणि अजून त्या गालाला गार लागतं म्हणे. मग काय, प्रत्येकाकडे आपापलं फडकं निघालं. पाद्रीबाईंनी कॉफी लवकर मांडली. माझं एकही पुस्तक कुणी उघडून पाहिलं नाही. आणि इतकं हसलेलं सभागृह मी चार वर्षांत पाहिलेलं नाही.

आणि मग शेजारच्या इंगेबोर्गबाई उठल्या. कुंपणाच्या भांडणावरून आईशी तीस वर्षं अबोला धरलेल्या, आता एक्याण्णव वर्षांच्या. त्यांनी सगळ्यांदेखत तुला विचारलं की शेवटी कारोलिनेनं माझी कधी आठवण काढली होती का. तू मोजा खाली ठेवलास आणि म्हणालीस, हो, जाण्याआधी दोन दिवस. म्हणाली होती, इंगेबोर्गला सांग, कुंपणाचं आता राहू दे. म्हातारी मटकन खाली बसली. क्रेस्टेननं त्यांना पाणी दिलं. मी वळून बघतो तर तुझी खुर्ची रिकामी.

ताई, एवढी मोठी गोष्ट तू मला नऊ वर्षांत सांगितली नाहीस! हे तर सगळं तेच आहे जे मी शोधत होतो, आणि खरं! माझं नवं व्याख्यान याच प्रसंगानं सुरू करावं असं मनात आहे. तुझी परवानगी हवी.

आणखी एक. विचारायचा मला हक्क नाही. तिनं माझं नाव घेतलं होतं का?

तुझा,
आस्गेर


नॉरसँडे
५ नोव्हेंबर २०१२

चि. आस्गेरास,
आशीर्वाद. द्यायचे नव्हते, पण सवय.

तीन दिवस मी तुला मनात माणसात घेतलं होतं. मग तुझं पत्र आलं. अजून ओल्या असलेल्या म्हातारीच्या डोळ्यांवर तुला व्याख्यान उभारायचंय. परवानगी नाही.

आणि का नाही, तेही ऐक. आईनं इंगेबोर्गचं नाव शेवटच्या दिवसांत घेतलं नाही. त्याआधी एकदा घेतलं होतं, ते शब्द मी कागदावर लिहिणार नाही. मी खोटं बोलले. चर्चच्या सभागृहात, सगळ्या गावासमोर. तुला खोटं पाडायला म्हणून नेसूनसवरून गेले होते आणि ज्या बाईनं खोटं सांगितलं ती मीच.

ठरवून नाही बोलले. इंगेबोर्ग उठली तेव्हा तिच्या कोटाचं वरचं बटण दुसऱ्या काजात होतं. सणासुदीचा कोट, आणि एकटीच राहते, सांगणारं कुणी नाही. ती हा प्रश्न विचारायलाच आली होती, तुझ्या तीन आभारांसाठी नव्हे. खरं काय ते माझ्या ओठांवर होतं. मी तोंड उघडलं आणि दुसरंच आलं. इतकं सहज आलं की मलाच किळस वाटली, म्हणून निघून गेले.

आता ती रोज दुपारी येते. आई कुठल्या आवाजात म्हणाली, तेव्हा बाहेर वारा होता का, सगळं विचारते. गावभर सांगत फिरते, आणि त्यात तिची स्वतःची भर घालते. परवा वाण्याकडे ऐकलं की आई म्हणे रडलीही होती. मी दुरुस्त केलं नाही. केक पुढे सरकवला. काल जाताना तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला आणि माझे आभार मानले. त्या घरात पहिल्यांदा कुणीतरी माझे आभार मानले, आणि तेही ज्यासाठी मानले ते मी केलेलंच नाही. तुझ्या पुस्तकात यावर काही उपाय असेल तर तो स्वतःजवळ ठेव.

तुझी मला कीव येते, राग येतो, आणि पूर्वी यायचा तसा तिटकारा आता येत नाही. याबद्दल मी तुला माफ करणार नाही.

राहिला तुझा प्रश्न. हो. शेवटच्या आठवड्यात तिनं तुझं नाव दोनदा घेतलं. दुसऱ्यांदा विचारलं, पोरगा निघाला का. मी म्हणाले, निघालाय.

हे खरं आहे. पण मी कसं बोलते, हे तुला आता ठाऊक झालंय. तेव्हा मानायचं की नाही, ते तुझं तू बघ. मला पुन्हा विचारू नकोस.

लोभ असावा, असं लिहायची पद्धत आहे. असू दे.

गुद्रून