मार्कचं शुभवर्तमान, झिरो डिफेक्ट

रविवार, ५ जानेवारी २०२५
आज उपासनेनंतर चर्चमध्ये उभा राहून साक्ष दिली. अंधेरीच्या ऑफिसातून तीन महिन्यांची बिनपगारी रजा घेतली आहे आणि आयुष्यभराची क्वालिटी मॅनेजरी बायबल भाषांतराच्या सेवेला वाहिली आहे, असं सांगितलं. अख्खं मुलुंड गहिवरलं. पाळकसाहेबांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. आता डोंगरातले पाडे, चुलीवरची भाकरी आणि मी. ट्रेकिंगचे बूट घेतले.
सुलक्षणा म्हणाली, अरे, त्या भाषांतराच्या संस्थेला तू कुठे हवा आहेस ते तरी विचारलंस का? बायकोला व्हिजन नाही.

सोमवार, ६ जानेवारी
भांडुप. एका लॅबच्या वर दोन खोल्या. माझ्या खोलीला खिडकी नाही. संस्थेचे प्रमुख नंदकिशोर साळवे म्हणाले, डोंगरावर जाणारे खूप येतात हो, कॉम्प्युटरसमोर बसणारा कोणी येत नाही, तुम्हाला देवानेच पाठवलं. ट्रेकिंगचे बूट टेबलाखाली सरकवले. बसलो.
तात्पुरतं आहे. माझी पातळी लक्षात आली की वर डोंगरात पाठवतीलच.

मंगळवार, १४ जानेवारी
पद्धत समजून घेतली. संस्थेचा भाषांतरकार चैतन्य पाड्यावर राहून बायबलमधलं मार्कचं शुभवर्तमान तिथल्या बोलीत आणतो. त्याच बोलीची एक मुलगी, द्रौपदी, इथे नर्सिंग शिकते. ती चैतन्यचा मजकूर वाचते आणि जे समजलं ते मराठीत लिहून देते. ते मराठी पुण्याच्या अनुपमा मॅडम तपासतात. त्यांनी पास केलं की छपाई.
आता मुद्दा. द्रौपदीने बायबल कधी उघडलेलंच नाही! भरतीतली सरळसरळ चूक. साळवेंच्या कानावर घातलं. ते हसून म्हणाले, म्हणून तर तिला घेतली. मोठ्या मनाचा माणूस. स्टाफच्या चुका पोटात घालतो.

सोमवार, २७ जानेवारी
द्रौपदीचं काम उघडलं. वाट लागली आहे. येशू कोळ्यांना म्हणतो, माझ्यामागे या, मी तुम्हाला पोलीस करीन. पुढच्या अध्यायात चार मित्र आजारी माणसाला छपरातून खाली फेकतात.
मराठी बायबल शेजारी घेतलं आणि एकेक वाक्य जुळवत गेलो. पोलीस काढून मूळचं ‘माणसं धरणारे’ घातलं. आजारी माणसाला अलगद खाली उतरवला. द्रौपदीला बोललो नाही, कशाला पोरीचं मन मोडा.
झकास वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

सोमवार, १० फेब्रुवारी
सहा अध्याय क्लीन. द्रौपदीच्या जुन्या फाइली उडवल्या. एका कामाची दोन व्हर्शन ठेवणं आमच्या लाइनमध्ये पाप.
अंधेरीहून बॉसचा फोन. एक एप्रिलला आला नाहीस तर तुझी खुर्ची मिहिरला. मिहिर! त्याला साधा ईमेल लिहायला मी शिकवलं. मी शांतपणे म्हटलं, मला खुर्चीचा मोह नाही.
फोन ठेवला. या खोलीत दुपार आहे की संध्याकाळ, कळत नाही. वर पाठवायचं कोणी नावही काढत नाही. मला माझी खुर्ची हवी आहे. साळवेंना सांगायला गेलो तर त्यांनी चहा मागवला आणि माझ्यासाठी प्रार्थना केली. परत येऊन बसलो.

सोमवार, ३ मार्च
अनुपमा मॅडम आल्या. म्हणाल्या, सहा अध्यायांत एकही शंका नाही? माझ्या हाताखालून असं काम कधी गेलं नाही. मी विनयाने मान खाली घातली.
द्रौपदीने पानं चाळली आणि पटकन म्हणाली, सर, हे माझं नाहीच ना, मी तर पोलीस लिहिलं होतं.
मॅडमनी पानं मिटून ठेवली. मग मला सांगितलं, तिला पोलीस समजलं म्हणजे पाड्यावर सगळ्यांना पोलीसच समजणार. चैतन्यचं वाक्य कुठे चुकतंय ते कळावं म्हणूनच बायबल न वाचलेली, कोरी मुलगी बसवतात. तिथे पोलिसांची गाडी दिसली की लोक रानात पळतात, आणि तुम्ही येशूलाच भरती करायला पाठवत होता.
त्यांनी द्रौपदीच्या मूळ फाइली मागितल्या. साळवेंनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे.
हा शुद्ध कम्युनिकेशन गॅप आहे. पद्धतीमागचं कारण मला लेखी का दिलं नाही?

मंगळवार, ४ मार्च
रात्री नीट विचार केला. छपाई लांबली, सहाही अध्याय पहिल्यापासून. एवढ्या चुकीनंतर कुठलंही ऑफिस माणसाला हाकलतं. म्हणजे सुटलो! मिहिरला मेसेज टाकला, खुर्चीला हात लावू नकोस.
चेहरा पाडून साळवेंसमोर उभा राहिलो. म्हटलं, मी या सेवेला लायक नाही, मला काढून टाका.
त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी मला क्षमा केली. मी म्हटलं, नको, माझी चूक फार मोठी आहे. ते म्हणाले, क्षमा त्याहून मोठी आहे. मग मिठी मारली. द्रौपदीनेही क्षमा केली, आणि ती तर ख्रिस्ती नाही.
इथून सुटायला माणसाने करावं तरी काय?

रविवार, ९ मार्च
चर्च. पाळकसाहेबांनी पुलपिटवरून जाहीर केलं, ब्रदर देवव्रत घसरले, पण पळाले नाहीत. बिघडवलेलं काम पुरं करण्यासाठी त्यांनी आपली सेवा वर्षभर वाढवली आहे. मी? कधी? साळवे पहिल्या रांगेतून माझ्याकडे बघून हसत होते. द्रौपदी सगळं नव्याने लिहिणार आणि मी शेजारी बसून फाइली जपणार. कीबोर्डला हात लावायचा नाही, एवढी एकच अट.
टाळ्या थांबेनात. सुलक्षणा कानात म्हणाली, आता तरी बोल, नाही म्हण, मिहिर बसेल तिकडे. पाळकसाहेबांनी माइक हातात दिला. सगळी मंडळी वाट बघत होती.
मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि आमेन म्हणालो.